हाराजुकू ते शिबुया: एका दिवसात, पायी, उताराने

प्रश्न नाशिकहून आला आहे. नवरा-बायको, सोळा वर्षांची लेक आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं तोक्योला येत आहेत. हाराजुकू आणि शिबुया बघायला एकच दिवस हातात आहे, आणि तोही रविवार. लेकीला ते रंगीबेरंगी कपडे घालून फिरणारे लोक बघायचे आहेत आणि स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं आहे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांना अंडंही चालत नाही. सकाळी शिबुयाची ती प्रसिद्ध चौफुली बघून मग हाराजुकूला जावं का, आणि तिथला ताकेशिता रस्ता बघण्यासारखा आहे की नुसताच गाजावाजा, असं विचारलं आहे.

मराठी-हिंदी पाहुण्यांना तोक्योचा हा भाग पायी दाखवणं हेच माझं काम. त्या अनुभवावरून आधी एकच सांगते: क्रम उलटा करा. सकाळ हाराजुकूला, संध्याकाळ शिबुयाला, आणि मधलं अंतर गाडीने नाही, चालत. यामानोते लाइनने ही दोन लागून असलेली स्टेशनं, जेमतेम दोन-तीन मिनिटांचा प्रवास. म्हणून सगळे गाडीत बसतात, आणि जे बघायला आले ते नेमकं मधेच राहून जातं.

क्रम उलटा का, तर जमिनीमुळे. शिबुया ही खोलगट दरी आहे. दोगेनझाका, मियामासुझाका, कोएन-दोरी हे सगळे रस्ते उतरत उतरत स्टेशनापाशी येतात. गिन्झा लाइन ही भुयारी मेट्रो, पण शिबुयात ती चक्क स्टेशनच्या तिसऱ्या मजल्यावर येते. १९३८ पासून येते आहे. गाडी आपली सरळच येते, खाली गेली आहे ती जमीन. हाराजुकू स्टेशन मात्र उंचवट्यावर आहे. तिथून निघालात की दिवसभर पाय उताराला राहतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना याहून मोठी सवलत दुसरी नाही. शिबुयाहून हाराजुकूला चढत गेलात तर दुपारी तीनला त्या एखाद्या कठड्यावर बसतील आणि तुमचा दिवस तिथेच संपेल.

आणखी एक. पत्त्यांमध्ये 'हाराजुकू' शोधत बसू नका. स्टेशनचं नाव तेच आहे, पण १९६५ पासून इथल्या बहुतेक पत्त्यांवर 'जिंगूमाए' असतं.

सकाळी साडेआठ-नऊला हाराजुकू स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडा. १९२४ सालची जुनी लाकडी इमारत पाडली, २०२० पासून नवं काचेचं स्टेशन वापरात आहे. जुनं देखणं होतं, पण नव्यात लिफ्ट आहे आणि ऐसपैस जागा आहे, त्यामुळे आजीबाईंना घेऊन येणाऱ्यांनी फार हळहळू नये. बाहेर पडलात की समोरच मेइजी देवळाचं रान. लेक म्हणेल, "देऊळ कशाला?" तिला सांगा, दुकानं दहा-अकराशिवाय उघडत नाहीत. आणि हेही सांगा की हे देऊळ नसतं तर हा बाजारही नसता.

मेइजी सम्राट १९१२ मध्ये वारले आणि १९२० मध्ये त्यांचं आणि सम्राज्ञीचं हे देऊळ उभं राहिलं. भोवतीचं सत्तर हेक्टरांचं रान नैसर्गिक वाटतं, पण ते माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून सुमारे लाखभर झाडं भेट म्हणून आली आणि पुढे हे रान आपलं आपण वाढेल अशा बेताने लावली गेली. आजही वाटेवरचा पालापाचोळा झाडून परत झाडांखालीच टाकतात, बाहेर नेत नाहीत. आतल्या वाटेवर जी मोठी लाकडी कमान लागते ती बारा मीटर उंच आहे. वाटेवर खडी आहे, त्यामुळे सासूबाईंना बूट घालायला लावा, चप्पल नको. चाकांची खुर्ची असेल तर मात्र ही वाट त्रासाची आहे. रविवार असल्यामुळे लग्नाची मिरवणूक दिसण्याची बरीच शक्यता आहे: पांढऱ्या पोशाखातली नवरी, वर लाल छत्री, पुढे पुजारी, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. आपल्याकडच्या वरातीची सवय असलेल्या माणसाला ते बघायला गंमत वाटते.

या देवळाकडे येणारा समोरचा रुंद रस्ता म्हणजे ओमोतेसांदो. तो देवळासाठीच आखला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी केयाकीची झाडं लावली. मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यातली बहुतेक जळाली. आजची रांग युद्धानंतर लावलेली आहे.

फॅशन आली तीही देवळाच्याच बाजूने. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने देवळाशेजारची जागा घेऊन तिथे अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी आठशेहून जास्त घरं बांधली. वसाहतीचं नाव वॉशिंग्टन हाइट्स. हिरवळ, शाळा, चर्च, सगळं आतच. भुकेल्या, जळक्या तोक्योत ते एक वेगळंच गाव होतं. त्या कुटुंबांना लागणाऱ्या वस्तूंची दुकानं ओमोतेसांदोवर आली. पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू होऊन पुढे खेळण्यांकडे वळलेलं किडी लँड त्याच काळातलं, ते आजही तिथे आहे. १९५८ मध्ये या रस्त्यावरच्या मोठ्या चौकात सेंट्रल अपार्टमेंट्स नावाची इमारत झाली. पुढे तिच्यात छायाचित्रकार, जाहिरातवाले, कपडे शिवणारे लोक कार्यालयं थाटून बसले. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकनांनी जागा परत दिली, तिथे खेळाडूंची वसाहत झाली, आणि त्यानंतर तिचं योयोगी उद्यान झालं. केन्झो तांगे यांनी बांधलेलं, झुलत्या छपराचं व्यायामगृह त्याच वर्षातलं, स्टेशनजवळच आहे, बाहेरूनही नक्की बघा. परदेशी वस्तू, कल्पक भाडेकरू आणि मोकळा रुंद रस्ता, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या आणि पोरं इकडे वळली.

त्यांना नाचायला जागा मिळाली १९७७ मध्ये. दर रविवारी इथला रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला जाऊ लागला. १९८० च्या आसपास चमकदार, ढगळ कपडे घातलेली पोरं टेपरेकॉर्डर लावून टोळ्याटोळ्यांनी नाचायची. त्यांचे कपडे ताकेशिता रस्त्यावरच्या 'ताकेनोको' या दुकानातले, म्हणून त्यांना नाव पडलं ताकेनोको-झोकू. पुढे तिथे बँड आले, मग नव्वदीच्या दशकात डोक्यापासून पायापर्यंत क्लिपा आणि माळा लटकवणाऱ्या मुली आल्या, झालरींचे घेरदार झगे घालणाऱ्या लोलिता आल्या. १९९८ मध्ये तो रविवारचा मोकळा रस्ता बंद झाला.

आता लेकीला जे सांगायचं ते स्पष्टच सांगते. इंटरनेटवर दिसणारे ते रंगीबेरंगी घोळके रस्त्यावर उभे मिळतील ही अपेक्षा घेऊन येऊ नका. ते फोटो बरेचसे त्या जुन्या काळातले आहेत. 'फ्रूट्स' नावाचं मासिक १९९७ पासून या रस्त्यावरच्या मुलामुलींचे फोटो छापत होतं. २०१७ मध्ये त्याचे संपादक शोइची आओकी यांनी ते बंद केलं. कारण त्यांनीच सांगितलं: फोटो काढावेत अशी मुलं आता पुरेशी दिसत नाहीत. जमण्याची हक्काची जागा गेली, स्वस्त तयार कपड्यांची मोठी दुकानं आली, आणि कॅमेरे घेऊन आलेल्या पाहुण्यांची संख्या सजून आलेल्या मुलांपेक्षा जास्त झाली. मुलं संपली नाहीत, आत गेली. दुकानांच्या तळघरांत, वरच्या मजल्यांवरच्या कॅफेंत, आपापल्या भेटीगाठींत. तुमचा दिवस रविवार आहे हे एका परीने बरंच आहे, नटूनथटून आलेले चार जण नक्की दिसतील. दुपारी योयोगी उद्यानाच्या फाटकाशी चामड्याची जाकिटं आणि फुगवलेल्या केसांची झुलपं मिरवत रॉक-अँड-रोल नाचणारी मंडळीही असतात. त्यातले कित्येक आता पन्नाशी-साठीचे आहेत आणि पाय अजून तसेच चालतात.

फोटो मात्र विचारूनच काढायचा. "शाशिन, इइ देस् का?" एवढं म्हटलं तरी पुरतं. मान हलली तर काढा, हात आडवा हलला तर हसून पुढे चला. नेटवर टाकणार असाल तर तेही विचारा, इथले लोक या बाबतीत फार हळवे असतात. लोलिता कपड्यांच्या दुकानांत तर आत फोटो काढायला बहुतेक ठिकाणी सक्त मनाई असते.

ताकेशिता रस्ता: हो, बघा, पण सकाळी साडेदहा-अकराला. साडेतीनशे मीटरची अरुंद गल्ली आहे, रविवारी दुपारी एक ते पाच तिच्यात माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला नेते. पुण्याच्या तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेला असाल तर अंदाज येईल: तसंच देवळाच्या आसऱ्याने वाढलेलं, तशीच टिकल्या-क्लिपांची, मोजे-पिशव्यांची, कानातल्यांची रेलचेल. फरक इतकाच की इथे घासाघीस नाही. दाइसो हे शंभर येनचं मोठं दुकान आहे, कर धरून बहुतेक वस्तू ११० येनला. मैत्रिणींसाठी न्यायच्या वस्तू तिथूनच घ्या, गल्लीतल्या पुढच्या दुकानांत त्याच धर्तीच्या वस्तू तिप्पट किमतीला असतात. "या, या, टी-शर्ट बघा" म्हणत इंग्रजीतून मागे लागणारे तरुण भेटले तर थांबू नका. घुबडं, पाणमांजरं, डुकराची पिल्लं मांडीवर घ्यायला देणारे कॅफेही इथे आहेत. मी कुणाला तिथे नेत नाही. रात्री जागणाऱ्या पक्ष्याला भर दुपारी दिव्याखाली बसवून कुरवाळण्यात कसली मजा आहे, मला कळलेलं नाही.

क्रेपचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण लेक तिथे थांबणारच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून क्रेप ही या गल्लीची ओळख आहे. काचेमागे पन्नास-साठ प्लॅस्टिकचे नमुने ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाला आकडा. नाव वाचता नाही आलं तरी आकडा सांगायचा. आतली मुलगी तापलेल्या गोल तव्यावर डावभर पातळ पीठ ओतते आणि लाकडी दांड्याने एका गिरकीत कडेपर्यंत पसरवते. अर्ध्या मिनिटात कड सुटते, लांब पातळ उलथन्याने घावन उलटतं, साय, स्ट्रॉबेरी, कधी आख्खा चीजकेकचा तुकडा एका बाजूला ठेवून त्याची घडी आणि मग कोन होतो. मात्र त्या पिठात साधारणपणे अंडं असतं. दिसायला मैद्याचं घावन, म्हणून शाकाहारी घरं बिनधास्त घेतात. सासूबाईंसाठी त्याऐवजी चाररंगी म्हातारीचे केस घ्या, डोक्याएवढे मोठे मिळतात आणि ती निव्वळ साखर. क्रेप घेतलं की दुकानाच्या बाजूला उभं राहूनच संपवा. चालत खाऊ नका अशी विनंती इथे असते. शिवाय रस्त्यावर कचऱ्याच्या टोपल्या क्वचितच असतात, कागद दुकानाच्या टोपलीतच टाकता येतो. एक रिकामी पिशवी दिवसभर खांद्याच्या झोळीत असू द्या.

गल्लीतून जीव घाबरला तर डाव्या हाताला एक छोटी वाट तोगो देवळाकडे जाते. तळं आहे, बसायला जागा आहे, आणि पन्नास पावलांत आवाज बंद होतो. सासूबाई तिथे बसतील, तुम्ही मायलेकी खरेदी करून या. स्वच्छतागृह हवं असेल तर जवळच मेइजी-दोरी रस्त्याला लागून निगो या डिझायनरने केलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, वॉशिंग्टन हाइट्सच्या दिवसांतल्या घरांसारखं बैठं, पांढरं. हा तोच निगो, ज्याने १९९३ मध्ये जुन ताकाहाशीबरोबर इथल्या मागच्या गल्लीत 'नोव्हेअर' नावाचं छोटं दुकान काढलं होतं. निगोचा 'अ बेदिंग एप' आणि ताकाहाशीचा 'अंडरकव्हर' हे कपड्यांचे ब्रँड तिथून मोठे झाले. थोडाच माल करायचा, संपला की संपला, आणि दुकानाबाहेर रात्रीपासून रांग, ही आज जगभर चालणारी कपड्यांची विक्रीपद्धत या गल्ल्यांनी रूढ केली. २०२१ मध्ये निगो पॅरिसच्या केन्झो या फॅशन कंपनीचा कलादिग्दर्शक झाला. मग अशा माणसाने गल्लीतलं स्वच्छतागृहही करून द्यावं, हे मला तरी आवडतं.

आता ओमोतेसांदो आणि मेइजी-दोरी मिळतात त्या चौकात या. इथे तीन इमारती समोरासमोर आहेत आणि लेकीसाठी खरं हाराजुकू इथेच आहे. लाफोरेट ही १९७८ सालची. तिचे मजले अर्ध्या-अर्ध्याने चढतात: एक, दीड, दोन, अडीच. त्यामुळे प्रत्येक जिना छोटा आहे आणि दर दहा पावलांना नवं दुकान. नव्या, अजून नाव न झालेल्या डिझायनरांना इथे जागा मिळते. तळघरातल्या मजल्यांवर काळे झालरींचे गॉथिक कपडे, लोलिता झगे वगैरे. किमती बघून दचकू नका, एक झगा तीस-चाळीस हजार येनांनाही असतो, बघायला पैसे पडत नाहीत. विकत घ्यायचं तर मोजे, हेअरबँड, रुमाल अशा छोट्या गोष्टी घ्या. समोरच्या कोपऱ्यावर, जुन्या सेंट्रल अपार्टमेंट्सच्या जागी, ओमोकादो आहे. आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या सरकत्या जिन्यासाठी सगळे तिथे माना वर करून उभे असतात. तिच्या गच्चीवर झाडांखाली बसता येतं. आणि तिसरी हाराकादो, एप्रिल २०२४ मध्ये उघडलेली. तिच्या तळघरात चक्क सार्वजनिक स्नानगृह आहे. वर मोकळे सज्जे आणि बसायला भरपूर जागा. दुपारचा तास सासूबाईंनी इथे काढावा.

कपडे घालून बघण्याच्या खोलीबद्दल दोन शब्द. आत जाताना बूट बाहेर काढायचे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण आत एका डब्यात पातळ कागदी कापडाच्या पांढऱ्या थैल्या असतात. त्या कशासाठी, हे पहिल्यांदा येणाऱ्या मुलींना कळत नाही. डोक्यातून घालायचा कपडा असेल तर ती थैली आधी चेहऱ्यावरून ओढून घ्यायची, म्हणजे ओठांचा रंग, पावडर कपड्याला लागत नाही. थैलीतून समोरचं अंधुक दिसतं आणि माणूस भुतासारखा दिसतो. तरी घाला. न घालता कपडा डागाळला तर विक्रेती मुलगी तोंडाने काही म्हणणार नाही, आणि तेच फार अवघड जातं. मापाचंही आधीच सांगते: कित्येक छोट्या दुकानांत एकच माप असतं, 'फ्री' लिहिलेलं, आणि ते बारीक चणीच्या मुलीचं असतं. आपल्याकडच्या मुलींना खांद्यात आणि छातीत ते अडतं. यात लेकीचा काही दोष नाही, हे तिला दुकानात शिरायच्या आधीच सांगून ठेवा. जुन्या कपड्यांच्या दुकानांत मापांची निवड जास्त मिळते. किन्जी, शिकागो, रॅगटॅग ही त्यांतली माहितीतली नावं. शिकागोत वापरलेले किमोनो आणि युकाता (उन्हाळी सुती किमोनो) काही हजार येनांत मिळतात. नवा किमोनो घेण्याचं मनात असेल तर आधी तिथे बघा.

पासपोर्ट मूळ प्रत बरोबर ठेवा. एका दुकानात एका दिवसात कर वगळून पाच हजार येनांची खरेदी झाली की दहा टक्के उपभोग कर पाहुण्यांना माफ असतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात पूर्ण पैसे द्यायचे आणि देश सोडताना विमानतळावर तपासणी झाल्यावर कर परत मिळायचा. त्यानंतर येत असाल तर वस्तू मोठ्या बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

ओमोतेसांदोवर मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. महागड्या नावांची दुकानं जगात सगळीकडे सारखीच. इमारती बघा: तादाओ आंदो यांचं ओमोतेसांदो हिल्स २००६ सालचं, १९२७ च्या जुन्या चाळवजा वसाहतीच्या जागेवर बांधलेलं. एका टोकाला त्या जुन्या इमारतीचा छोटा भाग तसाच पुन्हा उभा केला आहे, आणि आतली चढण बाहेरच्या रस्त्याच्या उताराशी जुळवलेली आहे. तोयो इतो यांनी टॉड्स या इटालियन बूट-पिशव्यांच्या कंपनीसाठी केलेली इमारत केयाकीच्या फांद्यांसारख्या काँक्रीटच्या जाळीची. एवढं पुरे.

या रस्त्याने चालताना एक गोष्ट पायांना कळेल. चौकातून रस्ता खाली उतरतो आणि मग आओयामाच्या दिशेने पुन्हा चढतो. जिथे तो सगळ्यात खाली जातो, तिथे डावीउजवीकडे एक वाकडीतिकडी गल्ली फुटते. उजवीकडे वळा. ही कॅट स्ट्रीट. तोक्योतली नवी गल्ली इतकी वळणावळणाची कशी, तर ती गल्ली नव्हतीच, नदी होती. शिबुया नदीचा हा वरचा भाग. होकुसाईने फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत ओंदेनची पाणचक्की काढली आहे, ती याच पाण्यावरची. शहर वाढलं, नदीचं गटार झालं, आणि १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी ती झाकून टाकली. वळणावर कोपऱ्यात नावं कोरलेले दगडी खांब दिसले तर ते जुन्या पुलांचे आहेत. गाड्या जवळपास नाहीत, बुटांची, सायकलींची, जुन्या जीन्सची दुकानं दोन्ही हाताला. नाव न झालेला पण नीट कपडे घालणारा तोक्योकर बघायचा असेल तर इथे कॉफी घेऊन अर्धा तास बसा. लेकीला जे बघायचं होतं ते ताकेशितापेक्षा इथे जास्त सापडेल, फक्त ते गुलाबी नसेल. मला विचाराल तर अख्ख्या दिवसातलं हे माझं सर्वांत आवडतं अंतर आहे. घाईने गेलं तर वीस मिनिटं, नीट गेलं तर दोन तास.

गल्ली जिथे संपते तिथे मियाशिता पार्क. जमिनीवर नाही, दुकानांच्या लांबलचक इमारतीच्या गच्चीवर. लिफ्ट आहे, बाकं आहेत, स्केटिंगची जागा आहे. २०२० मध्ये हे नवं रूप आलं. त्याआधीच्या जुन्या उद्यानात राहणाऱ्या बेघर माणसांना हटवण्यावरून बराच वाद झाला होता. आजच्या हिरवळीवर त्याची खूण नाही. सासूबाईंना इथे पाय पसरून बसू द्या.

त्या बसल्यात तोवर तुम्ही दोघी पार्को हे मोठं दुकानसंकुल बघून या. १९७३ मध्ये ते उघडलं आणि शिबुयाची तरुणाई स्टेशनपासून चढावर ओढली गेली. आजची इमारत २०१९ ची आहे. सहाव्या मजल्यावर निन्तेन्दो आणि पोकेमोनची दुकानं आहेत, बाकीच्या मजल्यांवर जपानी डिझायनरांचे कपडे. १०९ ही गोल मनोऱ्याची इमारत १९७९ ची. नव्वदीत उन्हात रापलेला चेहरा, सोनेरी केस आणि उंच टाचांचे बूट घालणाऱ्या 'ग्यारू' मुलींचं ते माहेरघर. तिथल्या विक्रेत्या मुलीच तेव्हा तारका होत्या, त्या घालतील ते पुढच्या आठवड्यात संपायचं. आज ती धार राहिलेली नाही. दोनच मजले बघितलेत तरी चालेल.

आता काळोख पडायला लागला की चौफुली. दिवसा ती नुसती रुंद चौफुली आहे. दिवे लागल्यावर पडदे, पाट्या आणि पाऊस असेल तर ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब, तेव्हा ती खरी. १९७३ पासून इथे सगळी वाहनं एकदम थांबवून सगळ्या दिशांच्या माणसांना एकदम सोडतात. गर्दीच्या वेळी एका हिरव्या दिव्यात दोन-तीन हजार माणसं पार होतात असं सांगतात. बघण्यासारखं म्हणजे कुणी कुणाला आपटत नाही. प्रत्येक जण दोन पावलं आधी खांदा किंचित वळवतो आणि वेग तसाच ठेवतो. मधेच उभं राहून फोटो काढणारा पाहुणा हा एकच अडथळा असतो. सासूबाईंना तिरकी, लांब वाट नको. एक हिरवा दिवा जाऊ द्या, पदपथाच्या कडेला सगळ्यात पुढे उभ्या राहा, पुढच्या हिरव्याला पहिल्या पावलात निघा आणि सरळ छोट्या वाटेने पार करा. हिरवा माणूस लुकलुकायला लागल्यावर पाऊल टाकायचं नाही.

शेजारीच हाचिको. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: शेतकी विषयाचे प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये गेले आणि त्यांचा अकिता जातीचा कुत्रा मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत स्टेशनवर वाट बघत राहिला. पहिला पुतळा १९३४ चा, म्हणजे अनावरणाला हाचिको स्वतः हजर होता. तो पुतळा युद्धात धातूसाठी वितळवला. तो घडवणारे शिल्पकार आंदो तेरू मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात गेले. आजचा पुतळा त्यांच्या मुलाने १९४८ मध्ये केला. फोटोसाठी रांग असते. रांगेत उभं राहायचं नसेल तर बाजूने बघा आणि सोडून द्या.

चौफुली वरून बघायला बहुतेक जण पैसे मोजतात. फुकटची जागा सांगते: स्टेशनमधून मार्क सिटी या इमारतीकडे जाणारा वरचा रुंद बोळ. त्याच्या काचेतून चौफुली दिसते, आणि पाठीमागच्या भिंतीवर तारो ओकामोतो यांचं तीस मीटर लांबीचं चित्र आहे, 'उद्याचं मिथक'. अणुस्फोटात पेटलेला सांगाडा मधोमध. साठच्या दशकाच्या अखेरीस ते मेक्सिकोत काढलं, मग हरवलं, २००३ मध्ये सापडलं, आणि २००८ पासून इथे आहे. रोज लाखो माणसं त्याच्याकडे पाठ करून धावतात. शिबुया स्काय या २२९ मीटरवरच्या उघड्या गच्चीसाठी सूर्यास्ताच्या वेळची तिकिटं फार आधी संपतात, त्यामुळे भारतातून निघण्यापूर्वीच काढा. टोपी, सुट्या पिशव्या खाली लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. वर वारा सपाटून असतो, सासूबाईंना नेऊ नका. त्यांच्यासाठी हिकारिए इमारतीचा अकरावा मजला बरा: फुकट, बंदिस्त, बसायला जागा.

जेवण. सोबा-उदोन या नूडल्स दिसायला गरीब, पण रस्सा सुकवलेल्या माशाच्या किसाचा असतो. भाजीच्या पदार्थातही तोच रस्सा. हाराजुकूच्या 'आफुरी'त प्राणिज काहीही नसलेलं रामेन मिळतं, निघण्याआधी त्या दिवसाची यादी नेटवर बघून घ्या. शिबुयात भारतीय-नेपाळी उपाहारगृहं बरीच आहेत, तिथे "तामागो नाशी", म्हणजे अंडं नको, एवढं सांगा. माझा खरा सल्ला म्हणजे दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा आणि दुपारी योयोगी उद्यानात गवतावर बसून खा. सप्टेंबरच्या अखेरीस येत असाल तर त्याच उद्यानात 'नमस्ते इंडिया'चा मेळा असतो, मग चटणीचीही गरज नाही.

शेवटी चुकामुकीचं. शिबुया स्टेशनात अजून वर्षानुवर्षं काम चालणार आहे, वाटा आणि दारं बदलत राहतात, काल बघितलेला जिना आज बंद असतो. "हाचिकोपाशी भेटू" असं ठरवू नका, तिथे निम्मं तोक्यो भेटायला आलेलं असतं. सकाळीच चौघांनी ठरवून ठेवा: फोन लागला नाही तर हिकारिए, अकरावा मजला. आणि सासूबाईंच्या पर्समध्ये हॉटेलचं जपानीत छापलेलं कार्ड असू द्या, टॅक्सीवाल्याला तेवढं पुरतं.